सेकंडहँड बँडसॉ : परतवाड्याहून गोठ्यापर्यंत

सागवान महाग आहे म्हणून मी बँडसॉ (दोन चाकांवर लांब पट्ट्यासारखं पातं फिरवणारी करवत) घेतला, असं सांगितलं की गावात लोक हसतात. मशीनच्या पैशात एका दिवाणाचं सागवान आलं असतं, हा त्यांचा हिशेब. माझा हिशेब भुशाचा आहे. ५० मिलिमीटर जाडीच्या फळीतून सहा मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या काढायच्या म्हटलं, तर गोल पात्याचं कटर दर कापाला जवळपास तीन मिलिमीटर लाकूड खातं. पट्ट्या निघतात पाच. बँडसॉचं पातं एक-सव्वा मिलिमीटरच खातं, तेवढ्याच फळीतून सात निघतात. रंध्याखाली जाईल ते दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते धरलं नाही. शिवाय हातातलं कटर सहा इंच उंचीच्या फाट्यातून, म्हणजे चौकोनी चिरलेल्या लाकडातून, एका दमात जात नाही, आणि लाकडात पातं अडकलं की अंगावर उसळतं. बँडसॉचं पातं वरून खाली धावतं, लाकडाला टेबलावर दाबून ठेवतं. हात त्यानेही जातो, पण लाकूड छातीवर येत नाही.

मी अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यातला. संत्र्याचा बगिचा आणि थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात तूर-कपाशी. बैल विकल्यापासून गोठा मोकळा होता, तिथे हळूहळू सुतारकामाचं सामान जमत गेलं. पाट, चौरंग, पोळपाट, घरातली स्टुलं, नातवंडांच्या गाड्या असं माझं काम. धंदा नाही. लाकूड बहुतेक जुन्या घरांचं. आमच्याकडे मातीची घरं पडून स्लॅबची होत आहेत, त्यांच्या छपराची लाकडं, मयाल आणि फाटे, लोक विकायला काढतात. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं असं सागवान आज पैसे देऊनही बाजारात मिळत नाही, आणि ते कटरने चिरून अर्धं भुशात घालवणं माझ्या जिवावर येत होतं.

ऑनलाइन मिळतात ते टेबलावर ठेवायचे नऊ इंची बँडसॉ मी पाहिले. खेळणी कापायला ठीक आहेत. पण त्यांच्यात साडेतीन इंचांच्या वर लाकूड बसत नाही, आणि पत्र्याची बॉडी रुंद पात्याचा ताण सोसत नाही. राजकोट, बटाला इकडच्या ओतीव लोखंडाच्या मोठ्या मशिनी नव्या घ्यायच्या तर माझ्या ऐपतीबाहेर. उरली जुनी, आणि जुनी म्हटलं की आमच्या भागात परतवाडा. मेळघाटच्या पायथ्याचं गाव, सागवानाचा जुना बाजार, आरा मशिनी आणि फर्निचरचे कारखाने. त्यातले काही आता बंद पडत चालले आहेत, त्यामुळे मशिनी निघतात.

मशीन पाहायला जाण्याआधी मी फॉरेस्टच्या ऑफिसात गेलो. लोक उलट करतात, आधी मशीन आणतात आणि मग कोणीतरी तक्रार केली की धावपळ सुरू होते. लाकूड चिरायच्या मशीनकडे सरकार मिक्सर किंवा गिरणीसारखं पाहत नाही, आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल झालेल्या गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ चा आदेश निघाला, तेव्हापासून देशभरातल्या जंगलतोडीवर आणि आरा मशिनींवर कोर्टाची नजर बसली. २००२ मध्ये कोर्टाने सांगितलं की केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय कोणत्याही राज्याने नवी आरा मशीन उघडू द्यायची नाही. पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि परवानगीचं काम राज्यस्तरीय समित्यांकडे आलं. या सगळ्याचा मुख्य रोख गोल लाकूड, म्हणजे ओंडके चिरण्यावर आहे. पण घरच्या छंदाची मशीन कुठे बसते हे तोंडी विचारलं तर तीन माणसं तीन गोष्टी सांगतात.

म्हणून मी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज दिला. चाकाचा व्यास, मोटारची ताकद, जागेचा गट नंबर, काम फक्त घरगुती, लाकूड फक्त आधीच चिरलेलं आणि पावतीचं, गोल लाकूड नाही, असं सगळं त्यात लिहिलं. पोच घेतली. त्यांचा माणूस येऊन गोठा पाहून गेला, काही दिवसांनी अटींसह उत्तर आलं. ते उत्तर माझ्या जागेपुरतं आहे. तुमचं वनपरिक्षेत्र वेगळं, तुमच्या गावापासून जंगल जवळ असेल किंवा लांब असेल, तेव्हा तुमचा अर्ज तुम्हीच द्या. आणि बांधावरचं स्वतःचं सागाचं झाड असलं तरी ते तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी आणि न्यायला वाहतूक परवाना लागतो. मशीन घरी आली म्हणून हे सुटत नाही.

दुसरी गोष्ट लाईटची. परतवाड्यातल्या कारखान्यांत थ्री फेज असतं, त्यामुळे तिथल्या मशिनींना तीन किंवा पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर असते. माझ्या घरी सिंगल फेज. शेतातल्या विहिरीवर थ्री फेज आहे, पण ते कृषी फिडरवरचं, पाळीने येणारं, कधी दिवसा तर कधी रात्री. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेतीच्या कनेक्शनवर करवत चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर होतो. गावात बरेच जण चालवतात. मला ते नको होतं.

सिंगल फेजवर दोन रस्ते निघतात. एक, जुनी थ्री फेज मोटर ठेवायची आणि व्हीएफडी नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा लावायचा. तो सिंगल फेज घेऊन थ्री फेज देतो, फक्त व्होल्टेज २३० च राहतं. मोटरच्या आतली वेटोळी स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटारी आपल्याकडे बहुतेक स्टारमध्ये जोडलेल्या असतात. त्या डेल्टामध्ये बदलल्या की २३० वर पूर्ण ताकद देतात. पाच हॉर्सपॉवरची मोटर मूळचीच डेल्टा असते, तिथे हा उपाय लागू पडत नाही. दुसरा रस्ता म्हणजे मोटरच बदलून दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज बसवायची. आमच्याकडे रब्बीत संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, तेवढ्यावर व्हीएफडी ट्रिप होईल अशी भीती होती, आणि बिघडला तर दुरुस्तीला अमरावती. कपॅसिटरची सिंगल फेज मोटर आमच्या चौकातला रिवाइंडिंगवालाही उघडतो. मी मोटर बदलायचं ठरवलं. म्हणजे मशीनसोबत मोटर कशी येते याच्याशी मला काही देणं-घेणं राहिलं नाही, आणि भाव करताना ते फार कामी आलं.

मशीन शोधायला दलालाकडे गेलो नाही. पट्टे जोडणाऱ्याकडे गेलो. बँडसॉचा पट्टा तुटला की तो वेल्डिंग करून जोडणारा, दातांना धार लावणारा माणूस परतवाड्यात आहे, आणि आजूबाजूच्या प्रत्येक मशीनची नाडी त्याच्या हातात आहे. चहा घेता घेता तो म्हणाला, "भाऊ, मशीन पाह्याले जाऊन राह्यले त आधी मले इचारा. कोनाचा पट्टा किती दिवसात तुटते, हे मले मालूम हाय." पट्टा वारंवार तुटतो तिथे चाक वाकडं असतं, नाहीतर शाफ्ट ढिला. दलाल हे सांगणार नाही आणि मालक तर नाहीच नाही. त्याने दोन ठिकाणं सांगितली. एका मशीनबद्दल नुसतं म्हणाला, "पाहून या."

ती "पाहून या"वाली मशीन आधी पाहिली. हिरव्या ऑइलपेंटने चकचकीत. मालकाने लगेच सुरू करून दाखवली, बोर्डाला सुंदर काप मारून दाखवला. मशीन बंद करायला लावून मी वरचं दार उघडलं आणि चाकाच्या आऱ्यांवरून बोटं फिरवली. एका आऱ्याच्या मुळाशी रंग जाड होता. नखाने खरवडला तर खाली वेल्डिंगचा खडबडीत गाठोडा. ओतीव लोखंड नुसत्या साध्या वेल्डिंगने पक्कं जुळत नाही, बाजूने पुन्हा चिरतं. मिनिटाला सहाशे फेरे घेणारं, ताणलेल्या पट्ट्याचा भार वाहणारं चाक जर आऱ्यात फुटलं तर काय होतं हे विचारायची गरज नव्हती. चहा पिऊन निघालो.

दुसरं ठिकाण म्हणजे संत्र्याच्या लाकडी पेट्या बनवणारा जुना कारखाना. प्लॅस्टिकचे क्रेट आले आणि पेट्यांचं काम बसलं. पुढे त्यांनी फर्निचर केलं, तेही प्लायवूड आणि तयार मालापुढे टिकलं नाही. मालक सत्तरीचे. मशीन १८ इंची, ओतीव फ्रेमची, कोपऱ्यात उभी, वर भुशाचा आणि जाळ्यांचा थर. मी पोचलो तेव्हा लाईट नव्हती.

"आता चार वाजता येते लाईट. थांबा नाईतर उद्या या," काका म्हणाले.

"थांबतो ना काका. तवरिक हातानं पायतो."

लाईट नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं. चालू मशीनचा आवाज सगळं झाकतो. बंद मशीन हाताने फिरवली की बेअरिंग स्वतःच बोलतं. पट्टा उतरवून घेतला, वरचं चाक एका बोटाने ढकललं. बराच वेळ फिरत राहिलं, आणि त्यात एक बारीक खरखर होती. खरखर म्हणजे बेअरिंग गेलेलं. वाईट वाटायचं कारण नाही, बेअरिंग दुकानात मिळतं. मग चाकाला वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवलं. खेळ नव्हता. तो असता आणि बेअरिंग बदलूनही राहिला असता, तर शाफ्ट किंवा बेअरिंगचं घर झिजलेलं, आणि ते लेथवर नेऊन नवं करण्याइतका उत्साह माझ्यात नाही.

मग एक पेन्सिल फ्रेमला टेकवून टोक चाकाच्या कडेपाशी धरलं आणि चाक हळूहळू फिरवलं. टोक आणि कड यांतली फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. खालच्या चाकाला फरक दिसलाच नाही, वरच्याला जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रत्येक आऱ्यावर लहान हातोडीने टिचकी मारली, माठ घेताना मारतो तशी. खणखणीत आवाज आला तर चीर नाही. बोद आवाज आला तर उठून निघायचं.

दोन्ही चाकं एका पातळीत आहेत का, हे ओळंब्याच्या दोरीने पाहिलं. वरच्या चाकाच्या कडेवरून दोरी ताणून खालच्या चाकाच्या कडेवर आणली, चारही ठिकाणी टेकली. चाकांवरचं रबर मात्र पार मेलेलं होतं, काचेसारखं कडक आणि भेगाळलेलं. पट्टा थेट लोखंडावर फिरला तर दातांची एका बाजूची वाकण चेपते, म्हणून हे रबर लागतंच. तेही बदलता येतं. वरच्या चाकाला ताण देणारी स्प्रिंग दाबून पाहिली, जीव होता. चाक पुढे-मागे झुकवणारा स्क्रू गंजला होता, पण आटे शाबूत होते.

टेबलावर फुटपट्टी उभी ठेवून खालून बॅटरीचा उजेड पाडला. मधल्या खाचेजवळ उजेडाची बारीक रेघ, बाकी ठीक. पात्याला दोन्ही बाजूंनी आणि मागून आधार देणारे गाइड अगदी झिजलेले, गाइडच्या मागच्या लहान चाकाला तर पट्ट्याने खाच पाडली होती. पुढचं झाकण गायब. पट्टा बोथट. मोटर तीन हॉर्सपॉवर थ्री फेज, धूळ खात पडलेली.

मी पाहताना मनात दोन रकाने करत होतो. झाकण, गाइड, रबर, बेअरिंग, पट्टा, मोटर हे सगळं बदलता येतं, त्याचा भाव पाडायचा. चाकं, शाफ्ट, फ्रेम, टेबल हे बदलता येत नाही, तिथे एकही दोष चालत नाही. या मशीनचा सगळा वाईटपणा पहिल्या रकान्यात होता. हिरव्या ऑइलपेंटवालीचा दुसऱ्यात.

लाईट आली तेव्हा काकांनी पट्टा चढवून मशीन चालवली. आवाज भरपूर, थरथर कमी. मी बंद करायला सांगितलं, ती मंदावत थांबेपर्यंत ऐकत राहिलो. कुठेही ठोका नव्हता.

"बोला काका."

"अडतीस हजार."

काकांचा मुलगा तेवढ्यात आला. तो म्हणाला, "बाबा, भंगारवाला उद्या येते. देऊन टाका त्याले." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत आत गेला. पण त्याच्या बोलण्यातून मला खालची पायरी मिळाली. मशीनचं वजन साधारण चारशे किलो, भंगारवाल्याने ओतीव लोखंडाचा तीस रुपये किलो सांगितलेला, म्हणजे बारा हजार. त्याच्या खाली काका कधीच येणार नाहीत, आणि मलाही त्यांना तिथवर न्यायचं नव्हतं. अशा मशीनचा सौदा भंगाराचा भाव आणि मालकाची माया यांच्या मधे कुठेतरी होतो.

"काका, चाकं चांगले हायत, त्याचे पैसे देतो. रबर गेलं, बेअरिंग गेले, गाइड गेले, झाकण नाई. मोटर माह्या कामाची नाई."

"मोटर ठेवतो मंग मी."

"ठेवा."

काका विचारात पडले. थ्री फेजची जुनी मोटर घरात ठेवून त्यांनाही काय करायचं होतं? "ने बाप्पा मोटर. कोनाले इकाची ते इक," असं म्हणत ते बत्तीसवर आले. मी बावीसवरून वर सरकत गेलो. मधे बहिरमच्या जत्रेच्या गोष्टी झाल्या, त्यांनी तिथे रोडगे कुठले चांगले मिळायचे ते सांगितलं, मी माझ्या आजोबांचं सांगितलं. साडेसव्वीस हजारांवर हात मिळाला.

कागद मात्र मी सोडले नाहीत. विक्रीपत्र, त्यावर मशीनच्या प्लेटवरचा नंबर, दोघांच्या सह्या. मशीन त्यांच्या परवान्यात नोंदलेली होती, म्हणून ती परवान्यातून कमी केल्याचं पत्र काकांनी फॉरेस्टला दिलं आणि त्याच्या पोचेची झेरॉक्स मला दिली. ती आल्यावरच गाडी ठरवली.

दिवस कापसाचे. सगळे पिकअप जिनिंगला लागलेले. शेवटी एक छोटा हत्ती मिळाला. बँडसॉचं वजन वर असतं, उभी नेली की वळणावर गाडी कलते. टेबल, मोटर आणि वरचं चाक सोडवून वेगळं केलं, फ्रेम जुन्या टायरांवर पाठीवर निजवली, पोती लावली, दोन्हीकडून दोर आवळले. उचलायला कारखान्यातल्याच तुळईला चेन कुप्पी (साखळीने वजन उचलायची कप्पी) होती. घरी उतरवताना कुप्पी नव्हती, तिथे शेजाऱ्याची ट्रॉली, दोन फळ्या आणि पाणबुडी पंपाचे पाइप रूळ म्हणून. चौघेजण होतो आणि पाचवा सूचना द्यायला.

पाया आधीच करून ठेवला होता, आणि आमच्या मातीत तो विषय बाजूला ठेवण्यासारखा नाही. काळी कसदार माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ फरशी टाकून मशीन ठेवली तर दोन पावसाळ्यांत टेबलाचा ओळंबा जातो. तीन फूट खोल खणून काळी माती बाहेर काढली, मुरूम भरून पाणी मारत धुमसला, वर नऊ इंचांचा सळईचा काँक्रीटचा ठोकळा, त्यात जे-बोल्ट. घरातल्यांना वाटलं देव्हारा बांधतो की काय.

दुरुस्तीत बेअरिंग सर्वांत सोपं निघालं. जुन्यावर ६२०६ लिहिलेलं, तीस मिलिमीटर भोकाचं. पंपातही तेच वापरतात, त्यामुळे तालुक्यातच मिळालं. रबराने वेळ खाल्ला. जुनं कानसीने खरवडून लोखंड उघडं केलं, नवी रबरी पट्टी चिकटवून कापडी पट्टीने आवळून रात्रभर ठेवली. मग चाक फिरवत त्यावर घासपेपर धरून मधला भाग किंचित उंच, कडा किंचित खाली असा गोलवा दिला. पट्टा फिरताना सर्वांत उंच जागेकडे ओढला जातो आणि मधोमध टिकून राहतो. हा गोलवा नसला की पट्टा पुढे किंवा मागे सरकत उतरून जातो.

मोटर दोन हॉर्सपॉवर, १४४० फेऱ्यांची सिंगल फेज. मोटरवर चार इंची पुली, मशीनवर नऊ इंची, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ६४० फेरे. १८ इंची चाकाचा परीघ सव्वाचौदाशे मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे पट्टा मिनिटाला नऊशे मीटरच्या आसपास धावतो. लाकडाला एवढा वेग बरोबर. मीटरपासून गोठ्यापर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, कारण सुरू होताना ही मोटर चालतानाच्या कितीतरी पट करंट मागते, आणि बारीक वायर असली की मोटर फिरत नाही, नुसती घुमते.

पट्ट्याची लांबी काढायला सूत्र आहे: चाकाचा परीघ अधिक दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतराची दुप्पट. माझ्या मशीनला ते ३,३३६ मिलिमीटर आलं. चाकांभोवती सुतळी गुंडाळूनही पडताळलं. वरचं चाक पार खाली किंवा पार वर असताना मोजू नये, ताण द्यायला आणि पट्टा चढवायला दोन्हीकडे जागा लागते. जाडीसाठी ठोकताळा असा की चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. १८ इंची चाक म्हणजे ४५७ मिलिमीटर, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरचा पट्टा. जाड पट्टा मजबूत असेल असं वाटतं, पण लहान चाकावर तो प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि दातांच्या मुळाशी चिरा पडतात. परतवाड्याच्या त्याच माणसाकडून दोन पट्टे जोडून घेतले. एक इंच रुंद, इंचाला तीन दातांचा जाड लाकडासाठी, आणि अर्धा इंच रुंद, सहा दातांचा वळणांसाठी. त्याने विचारलं, "कोनती घेतली?" सांगितल्यावर मान हलवली आणि जोडाईचे पैसे थोडे कमी घेतले.

पहिल्यांदा चालवण्याआधी बटण न दाबता चाकं हाताने फिरवून पट्टा मधोमध चालतो का पाहिलं, मगच गाइड जवळ आणले. गाइड आणि पात्यामध्ये कागदाच्या जाडीइतकी फट. पातं मोकळं फिरताना गाइडचं मागचं चाक त्याला लागू नये, लाकूड लोटल्यावरच लागावं. मग थरथर किती ते पाहायला जुनं जाड पाच रुपयांचं नाणं टेबलावर उभं केलं आणि मशीन सुरू केली. सुरू होण्याच्या झटक्यात पडलं. चालू असताना पुन्हा उभं केलं, उभं राहिलं.

चिरायला घेतला तो पडक्या घराचा सहा इंची फाटा. जुन्या लाकडात खिळे असतात आणि एका खिळ्यात पट्ट्याचे वीस दात जातात, म्हणून आधी चारही बाजूंनी स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं. तीन खिळे निघाले, एक तर पार आत गडप झालेला, चुंबक हाताला ओढ देत होतं म्हणून कळला. फाटा चिरला तेव्हा आतलं लाकूड तेलकट सोनेरी निघालं आणि गोठ्यात सागवानाचा वास भरला. काप अगदी सरळ नव्हता. पट्टा किंचित एका बाजूला ओढत होता, त्या कोनात टेबलावर लाकूड टेकवून लोटायचा आडवा ठोकळा बसवल्यावर सरळ झाला. प्रत्येक पट्ट्याची ओढ वेगळी असते, पट्टा बदलला की ठोकळाही नव्याने लावावा लागतो.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. बाभूळ कडक असूनही धार जास्त दिवस टिकते, हे मला नवल वाटलं. सागाची बारीक धूळ कातडीला आणि छातीला बरी नाही, मास्कशिवाय मी बटण दाबत नाही. वरचा गाइड लाकडाच्या जेमतेम वर ठेवतो, पातं उघडं राहील तेवढाच धोका. हातमोजे घालत नाही, आणि गळ्यातला दुपट्टा खुंटीला. आमच्याकडे दुपट्ट्याशिवाय माणूस शेतात जात नाही, पण फिरणाऱ्या पुलीजवळ तो नको म्हणजे नको.

एकंदर खर्च असा झाला: मशीन २६,५००, गाडी आणि हमाली ३,८००, मोटर १०,०००, वायर-स्टार्टर ३,४००, बेअरिंग-रबर-बेल्ट २,६००, पट्टे २,४००, पाया ४,५००. त्यातून जुनी थ्री फेज मोटर पंपवाल्याने पाच हजारांना नेली. उरले ४८,२००. पुढचं झाकण मी प्लायचं केलं आहे, पत्र्याचं करायचं राहिलं आहे.

मशीनचा आवाज गावभर जातो. पंधरा दिवसही झाले नव्हते, तर एक जण बाभळीचा आख्खा ओंडका घेऊन दारात. "भाऊ, बैलबंडीची धुरी काढून द्या, काय घ्याचे ते घ्या." त्याला फॉरेस्टचं पत्र वाचून दाखवलं. ओंडका परतवाड्याच्या परवान्यावाल्या आरा मशीनवर चिरून, पावती घेऊन ये, मग धुरीचा आकार मी फुकट काढून देतो, असं सांगितलं. तो म्हणाला, एवढ्यात तर लोखंडी बंडी येते. चहा घेऊन गेला. दुसऱ्या आठवड्यात चिरलेल्या बाभळीच्या फळ्या आणि पावती घेऊन आला.